आंब्याच्या खोडाला कडं

१२ जानेवारी २०२५

उशीर झाला, माफ कर. दिवाळीपासून तुझ्यावर एक ओळ नाही. कागदाची कोण माफी मागतं! पण दुसऱ्या कोणाची मागायची हिंमत नाही, म्हणून तुझ्यापासून सुरुवात.

लिहीत नव्हतो, कारण लिहिलं की झालेलं मान्य करावं लागतं. आज लिहितो. मागच्या आंब्याला मोहोर आला आहे. भरगच्च. पान दिसत नाही इतका. आणि मला आनंद होत नाही.

नीट लावून लिहितो. सूनबाई पल्लवी भाऊबीजेला हर्षालीला घेऊन माहेरी नामपूरला गेली, ती आलीच नाही. दीपकचं आणि तिचं काय बिनसलं ते मला कोणी सांगत नाही. दीपक अंबडच्या कारखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. विचारलं तर म्हणतो, "अण्णा, तुम्ही झाडांना पाणी घाला." घालतो. दुसरं काय!

हर्षाली सात वर्षांची. जाताना रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आबा, माझ्या झाडाला आंबे लागले की सांगा हं. मी येणारच. आईला सांगून ठेवलंय." पल्लवीने ते ऐकलं. हो म्हणाली नाही, पण नाही पण म्हणाली नाही. मी तेवढंच धरून बसलो.

झाड तिचंच. घरामागे खाट टाकली तर सरेल एवढी जागा. बिल्डरने मुरूम आणि विटांचे तुकडे भरून दिलेले. तिथे आमच्या हिने, कुसाबाईने, माती केली. गावाहून शेणखत, घरातली सालं, चहाचा चोथा. मोरीच्या पाण्यावर अळू, रंगाच्या डब्यांत मोगरा, भिंतीला कढीपत्ता. आणि कोपऱ्यात हा आंबा. हर्षालीच्या वेळचं पल्लवीचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. ही तिथून एस.टी.ने आली ती पदरात पोरीची नाळ आणि नामपूरच्या आंब्याची कोय घेऊन. नाळ कोपऱ्यात पुरली, वर कोय लावली. तेव्हापासून साऱ्या गल्लीला सांगते, "आमच्या हर्षीची नाळ हाय याखाली. ही पोर कुठं गेली तरी इथंच येणार."

पण सात वर्षं नुसती पानं!

मी जन्मभर निफाडकडच्या द्राक्षबागांत छाटणी केली. लोकांच्या बागा. शाळा सातवीपर्यंत, पुढचं कात्रीने शिकवलं. द्राक्षाच्या खोडाची साल कड्यासारखी गोल काढतात. गर्डलिंग म्हणतात. काडेपेटीतल्या काडीएवढी रुंद, जास्त नाही. पानांनी केलेलं अन्न मग खाली मुळांकडे उतरत नाही, वरच अडतं, मणी फुगतो. महिन्याभरात साल पुन्हा जुळते आणि वेलाला काही झाल्याचं आठवतही नाही. हजारो वेलांना केलं असेल.

नोव्हेंबरात तेच हर्षालीच्या झाडाला केलं. पहिल्यांदा बारीक. ते भरून यायला लागलं. मला वाटलं, आंबा राकट, एवढ्याने ऐकायचा नाही. पुन्हा चाकू घेतला. दोन बोटं रुंद. आतलं लाकूड पांढरं दिसेस्तोवर खरवडलं.

वरून गोणपाट गुंडाळलं. ही म्हणाली, "हे काय?" म्हटलं, मुंग्या चढतात. म्हणाली, "मंग मुंग्यांना स्वेटर कशाला घातला?"

दोन महिने झाले. कडं बुजलेलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दीपकला मोहोराचा फोटो पाठवायला लावला. "बघितला तिने," म्हणाला. उत्तर नाही.

१९ जानेवारी

आज रविवार. फोनवर हर्षाली दिसली! वेण्या कोणीतरी वेगळ्याच घातलेल्या. मी फोन झाडाजवळ नेला.

"हे आंबे आहेत? आबा, हे तर झाडू आहेत!"

किती दिवसांनी हसलो. म्हटलं, "थांब, या झाडूचेच आंबे होतात."

"किती थांबू?"

"आखाजीपर्यंत."

अक्षय्य तृतीया म्हणजे एप्रिलअखेर. ती बोटांवर मोजायला लागली. तेवढ्यात फोन पल्लवीकडे गेला. म्हणाली, "अण्णा, बीपीची गोळी घेता ना?" घेतो म्हटलं. खोटं सांगितलं, दोन दिवस विसरलो होतो. पोरगी चांगली आहे. भांडण माझ्याशी नाही. मग हर्षालीला माझ्यापासून का नेलं?

२ फेब्रुवारी

वाटाण्याएवढी फळं धरली. शेजारच्या मंगलाबाई भिंतीवरून वाकून बघत होत्या. "कुसावहिनी, खत कोणतं घातलं हो?"

ही म्हणाली, "खत कसलं! आमच्या यांचं तोंड रोज दाखवलं. भ्यालं झाड."

दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. शेंड्याची पानं मला फिकी दिसतात. त्यांना दिसत नाहीत. पानं फिकी कधी पडतात ते मला कळतं. वर पाणी पोचतं आहे म्हणून झाड उभं आहे, पण मुळांना वरून घास येत नाही. घरात साठवलेलं खाऊन दिवस काढत असतील. ते किती पुरणार?

३ फेब्रुवारी

ही आंघोळीला गेल्यावर गोणपाट सोडून पाहिलं. कडं कोरडं. खडखडीत. तसंच बांधून टाकलं.

११ फेब्रुवारी

कड्यावरून अन्न खाली उतरायला पूल बांधला! ही बाजारात गेली तेवढ्यात. झाडाच्याच बोटभर जाड काड्या घेतल्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासली, खालचं टोक कड्याच्या खालच्या सालीत, वरचं वरच्या सालीत. चार बाजूंनी चार. प्लास्टिकच्या पट्टीने आवळून मेण लावलं. द्राक्षाची कलमं मी डोळे मिटून बांधायचो, हाताखालचं एक वाया जात नव्हतं. आज एक काडी उलटी बसवली. सगळं झाल्यावर लक्षात आलं. उलटी काडी चालत नाही! सोडून परत बांधली तोवर फाटकाचा आवाज.

"एवढं काय करता हो त्या झाडापाशी? पूजा मांडली का?"

मुंग्या, म्हटलं.

"मुंग्या तुमच्या डोक्यात हायेत."

खरं आहे.

१६ फेब्रुवारी

फोन नाही. दीपक म्हणाला, "रेंज नसेल." नामपुरात रेंज नसते का? एवढं मोठं गाव, कांद्याचा बाजार भरतो. मी म्हटलं तूच जाऊन ये. त्याने ताट सारलं.

"अण्णा, जाऊन काय बोलू? तुम्ही सांगा, तेच बोलतो."

मला छाटणी सांगता येते. हे नाही.

२ मार्च

तीन काड्या वाळल्या. एक अजून हिरवी आहे. नखाने खरवडून बघितली आणि बघितल्यावर वाटलं, कशाला खरवडली! ऊन आत्ताच तापायला लागलं. कैऱ्या गळताहेत. सकाळी झाडाखाली लिंबाएवढ्या पडलेल्या असतात, ही वेचून चटणी करते. मी ताटात घेत नाही.

हर्षालीचा फोन आला. आंब्याचं विचारलं नाही. मी वाट बघत होतो, विचारेल, विचारेल. शेवटी मीच म्हटलं, "कैऱ्या लागल्यात गं."

म्हणाली, "इथं पण माझं झाड आहे, आबा. नानीनं दाखवलं. कडुनिंब. लय मोठं शे!"

नानी म्हणजे पल्लवीची आई. आणि हे 'शे' कुठून आलं? तिकडची बोली. चार महिन्यांत जिभेवर बसली. ही ऐकून हसली, "बघा, आता नामपूरकर झाली." हसली, पण लगेच उठून गेली.

कडुनिंब कसलं तिचं! आमचं झाड हलकं करायला त्या बाईने काहीतरी सांगितलं असणार.

१३ मार्च

होळी. आणि आजच सगळं उघडं पडलं.

ही मागचं अंगण झाडत होती. गोणपाट कुजलेलं, म्हणाली होळीत टाकते, आणि मी चपला घालेपर्यंत ओढून काढलं. मग तशीच उभी राहिली. मी दारात.

"हे काय केलं?"

मी चपला काढून ठेवल्या.

"कधी केलं?"

"दिवाळीनंतर."

"कशापायी?"

"फळ धरायला. फळ धरलं की पोरगी येणार होती."

तिने कड्यावरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, पोरांच्या गुडघ्याला लागलेलं बघावं तसं. म्हणाली, "पोरगी यावी म्हणून पोरीचंच झाड कापलं. वा!"

मी म्हटलं, द्राक्षाला करतात. म्हणाली, "हे द्राक्ष हाय का?"

पोळ्या केल्या, नैवेद्य दाखवला. माझ्याशी बोलली नाही. रात्री फक्त एवढंच, "दीपकला सांगू नका. त्याला आधीच कमी हाय का!"

१६ मार्च

अबोला. ताट समोर ठेवते आणि भिंतीकडे बघून म्हणते, "जेवून घ्या." चौथी काडीही गेली.

२० मार्च

हर्षालीला ताप आला आहे. तीन दिवस झाले म्हणे. आम्हाला आज कळलं.

२२ मार्च

टायफॉइड. सटाण्याला दवाखान्यात ठेवलं आहे, सलाईन लावलं आहे. फोनवर पल्लवीचा आवाज बसलेला. "अण्णा, काळजी करू नका." मी काळजी करू नको तर काय करू!

झाडाच्या शेंड्याची पानं करड्या रंगाची झाली आहेत. वळून खाली लोंबतात, गळत नाहीत. मी सकाळपासून तिथेच बसून आहे. पोरीची नाळ या मुळांत. मुळं मी उपाशी मारली. इकडे पान वाळतं आणि तिकडे पोर तापते. लोक म्हणतील म्हातारा खुळा झाला. म्हणोत. ज्या दिवशी चौथी काडी वाळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताप! हे कोणी समजावून सांगावं मला.

ही जवळ येऊन उभी राहिली. अबोला मोडला. "झाडाचं पोरीला लागत नसतं."

"नाळ तिथे आहे ना!"

ती काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

एवढं कसं हिचं काळीज घट्ट? नात दवाखान्यात, तिच्या नावाचं झाड मरतंय, आणि हिला झाडाचं काही वाटतच नाही!

२४ मार्च

दीपक सकाळच्या गाडीने सटाण्याला गेला. शेवटी गेला. जाताना मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. दुपार झाली. नाही केला. मी झाडाला पाणी घातलं. पुन्हा घातलं. बादली घेऊन निघालो तर ही आडवी आली, "आता बुडवून मारता का?"

२५ मार्च

काही नाही.

२६ मार्च

ताप उतरतो, चढतो. दीपकने एवढंच कळवलं. मी बोललो, "तिला सांग आबांनी..." तो म्हणाला, "सांगतो," आणि ठेवला.

झाडासमोर हात जोडले. देव सोडून झाडाला! म्हटलं, तुला हवं तर माझं घे. ही खिडकीतून बघत होती.

२८ मार्च

उतरला! रात्रभर ताप नाही. पेज खाल्ली. दीपकने फोन तिच्या कानाला लावला. आवाज मांजराच्या पिल्लासारखा.

"आबा, मी बरी शे."

मी फोन हिच्याकडे दिला आणि मागे जाऊन रडून घेतलं.

२९ मार्च

दीपक आला. दाढी वाढलेली. चहा घेता घेता सांगितलं, खाली मान घालून. पल्लवीला नामपुरातच शाळेवर काम मिळतं आहे. हर्षालीचं नाव जूनपासून तिकडच्या शाळेत घालायचं म्हणते.

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणू अण्णा? सात दिवस ती एकटी बसली होती पोरीपाशी. मी आठव्या दिवशी पोचलो."

"मग आता?"

"सुट्टीत पाठवीन म्हणाली. आली तर इथे. बघू म्हणाली."

बघू. या शब्दाला ना मुळं ना शेंडा.

३० मार्च

पाडवा. दर वर्षी गुढीला आणि दाराला याच झाडाचे डहाळे. या वर्षी ही बाजारातून तोरण घेऊन आली. मी बांधलं. आमच्या दाराला विकतची आंब्याची पानं! मंगलाबाई म्हणाल्या, "खंडेरावभाऊ, घरात झाड असून?" ही म्हणाली, "यंदा त्याला सुतक हाय."

१८ एप्रिल

झाड वरून पूर्ण वाळलं. वारा आला की पानं कागदासारखी वाजतात. तीन आंबे मात्र चिकटून आहेत. देठ पक्के. मरता मरता झाडाने सगळं त्यांच्यात घातलं. द्राक्षात हेच तर करायचो आम्ही.

उतरवले. लहान आहेत, पण देठाशी खांद्याला भरलेत, म्हणजे पिकतील. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले.

३० एप्रिल

आखाजी. पितरांच्या घागरीवर एक आंबा ठेवला. मग तो कापला. केशरी, गोड, पातळ कोय. सात वर्षं वाट बघितली ती ही चव! दीपकने खाल्ला, बोटं चाटली, म्हणाला, "अण्णा, फर्स्ट क्लास." हिने तोंडात घातला नाही. दोन हर्षालीचे. कोणी हात लावायचा नाही.

सणाला तिकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पल्लवी कशाला निघेल तिथून! मलाच कळायला हवं होतं. आखाजी मीच सांगितली होती.

४ मे

दीपकने सुट्टीच्या दिवशी करवत आणली, वाळलेलं खोड कापलं. कड्याच्या बरोबर वर. फांद्या मोडून कोपऱ्यात रचल्या. मागच्या बाजूला एकदम ऊन आलं, अळू कोमेजलं.

बुंध्यापाशी वाकलो तर कड्याच्या खाली तांबडी पालवी. नखाएवढी. कलमाचं झाड असतं तर खालून रानटी फूट आली असती, काही कामाची नाही. हे कोयीचं. खालून आलं तरी तेच झाड. तोच आंबा.

हिला हाक मारून दाखवली. "जगलं!" म्हटलं. "तिची नाळ जगली!"

ही मटकन खाली बसली. मला वाटलं आनंदाने.

पण फळ धरायला पुन्हा सात वर्षं. मला कुठली!

५ मे

काल दिवेलागणीला हिने सांगितलं. नाळ तिथे कधीच नव्हती.

"मी मागितली व्हती. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याच दारात पुरली, कडुनिंबाखाली. कोय तेवढी पदरात टाकली. मी रिकाम्या हातानं कशी येणार? म्हणून सांगत गेले. पोरगी आपल्या दारात रुजावी म्हणून. तुम्ही त्या झाडापाशी हात जोडून बसलात, तेव्हाच सांगणार व्हते. नाय झालं."

म्हणजे माझ्या चाकूने पोरीला काही झालं नाही. किती महिन्यांनी शांत झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा बाकीचं कळलं. हर्षालीला इकडे ओढणारं इथे काहीच पुरलेलं नव्हतं. होता तो एक आंबा. त्याच्यासाठी ती बोटांवर दिवस मोजत होती. तो मी मारला.

पल्लवी, तुला फोनवर सांगवत नाही म्हणून इथेच लिहितो, पोरीला यातलं काही सांगू नकोस. येता की येत नाही, तेवढं कोणाकडून तरी कळव. तांदळात दोन आंबे आहेत, वास सुटला आहे, फार थांबायचे नाहीत. लवकर कळव.